लॅपटॉप वळला, बदललं काय?

मुलुंड-घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात एकच लॅपटॉप दिवसभरात चार प्रकारे बसतो. सकाळी जेवणाच्या टेबलावर तो सरळ उघडतो आणि ऑफिस सुरू होतं. दुपारी ओट्यावर तंबूसारखा उभा राहतो. पाककृती दिसते आणि कणकेचे हात कीबोर्डला लागत नाहीत. संध्याकाळी कीबोर्ड पालथा घालून स्क्रीन पुढे आली की घरातली मंडळी मालिका बघतात. मग तो पुरता मागे दुमडून मुलांच्या हाती चित्रं काढायला जातो. ज्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, तिथे यंत्राने अंग दुमडून घ्यावं हे योग्यच म्हणायचं.

पूर्ण 360 अंशांत वळणारी ही बिजागरी लोकप्रिय केली लेनोवो कंपनीने. जानेवारी 2012 मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात तिने असा लॅपटॉप मांडला, ऑक्टोबरमध्ये विक्रीला आणला आणि नाव ठेवलं ‘योगा’. गंमत अशी, की संन्याशांपुरता राहिलेला योग गृहस्थांना शिकवण्याची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणी झाली, त्यांतलं एक ठिकाण अंधेरीच्या पश्चिमेला आहे. 25 डिसेंबर 1918 रोजी श्री योगेंद्र यांनी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्राकाठच्या बंगल्यात ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली. आज ही संस्था सांताक्रूझ पूर्वेला आहे. योगेंद्र स्वतः संसारी होते आणि संसाऱ्यांनाच शिकवत होते.

पण आसनांवरून हे नाव देणाऱ्यांनी योगसूत्रकार पतंजलींना विचारलं असतं, तर ते फारसे खूश झाले नसते. योगसूत्रांची संख्या 195 (काही प्रतींत 196) आणि त्यांत आसनाच्या वाट्याला आलेली सूत्रं जेमतेम 3. त्यांनी कुतूहलाने थांबून पाहिलं असतं ते भलतीकडेच. वस्तू वळली, दुमडली, म्हणून ती वस्तू बदलली का? योगसूत्रांच्या तिसऱ्या पादातला परिणामाचा, म्हणजे पालटाचा विचार नेमका या प्रश्नाभोवती फिरतो.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातली त्याची उदाहरणं आजही ताजी वाटतात. सोन्याचं भांडं मोडून दुसरं घडवलं, तर आकार पालटतो, सोनं पालटत नाही. एकच रेघ शतकाच्या घरात शंभर होते, दशकाच्या घरात दहा आणि एककाच्या घरात एक. एकच बाई कुणाची आई असते, कुणाची मुलगी, कुणाची बहीण. टिकून राहतो तो धर्मी. येतात-जातात ते त्याचे धर्म. या धर्मांच्याही तीन अवस्था पतंजली सांगतात: होऊन शांत झालेले, आत्ता प्रकट असलेले आणि अजून ज्यांना नावही देता येत नाही असे.

लॅपटॉप पुरता मागे दुमडला की त्याच्या कळा दाबूनही अक्षर उमटत नाही. अनेक यंत्रांत झाकण आणि बूड या दोन्हींत गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारे सेन्सर असतात. दोघांमधला कोन ठरावीक मर्यादेपुढे गेला की कीबोर्डला गप्प केलं जातं. कीबोर्ड नाहीसा होत नाही, जागच्या जागी असतो, फक्त शांत असतो. भाष्यकाराला याहून सोयीचं उदाहरण शोधूनही सापडलं नसतं.

बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांत एकेकाळी राहणाऱ्या बौद्ध भिक्खूंना मात्र हे पटलं नसतं. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने रथावरून विचारलं होतं, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. 2014 सालच्या ‘योगा 3 प्रो’ची घड्याळाच्या पट्ट्यासारखी बिजागरी 800हून अधिक सुट्या तुकड्यांची होती. त्यांतला लॅपटॉप नेमका कुठला? बौद्धांच्या मते टिकून राहणारा धर्मी असा कुणी नाहीच, आहे ते व्यवहारापुरतं नाव. वाद जुना आहे आणि तोडीस तोड आहे. रोजच्या जगण्याला मात्र पतंजलींचाच मुद्दा जास्त जाऊन भिडतो, कारण ते यंत्राजवळ थांबत नाहीत.

परिणामाचं हे विवेचन ते वस्तूंपासून सुरूच करत नाहीत. आधी चित्ताचे परिणाम येतात आणि मग ते म्हणतात, की पंचमहाभूतांचं आणि इंद्रियांचंही असंच समजावं. सांख्य-योगाच्या हिशेबात मन हे प्रकृतीचंच, म्हणजे लॅपटॉपच्या बाजूचं. पाहणारा पुरुष तेवढा निराळा. मनाच्याही अशा स्थिती असतात. पण मनाचा पालट ओळखायची कसोटी कडक आहे: आधीचा उठाठेवीचा संस्कार दबला का?

इथे उपनगरातला नोकरदार हमखास फसतो. रात्री दहाला लॅपटॉप तंबूसारखा उभा केला, सिनेमा लावला, म्हणजे काम संपलं अशी त्याची समजूत असते. कोपऱ्यात ऑफिसच्या मेलची सूचना चमकते आणि कळा शांत असल्या तरी ऑफिस प्रकटच राहतं. यंत्राने स्थिती बदलली, चित्ताने नाही. दोष बिजागरीचा नाही. तिने आपलं काम चोख केलेलं असतं.

तेव्हा सिनेमा लावण्याआधी मेलमधून बाहेर पडावं, सूचना बंद कराव्यात आणि मग लॅपटॉप हवा तसा वळवावा.