हरणे आणि हार मानणे

उर्दूचे व्याकरण शिकवताना 'हारना' आणि 'हार मानना' ही क्रियापदे शेजारीशेजारी येतात. मुले ती एकच समजतात. मराठीतही हरणे आणि हार मानणे असा भेद आहेच. हरणे माणसावर ओढवते, हार मात्र तो स्वतः मानतो. बोलताना आपण हा फरक सोडून देतो, पण अमेरिकन कुस्तीच्या कार्यक्रमांनी तो घट्ट धरून ठेवला आहे. केबलवरून ही कुस्ती आपल्या घरांत आली, त्याला आता दोन-तीन दशके झाली. एरवी ज्यांना शब्दार्थ पाठ होत नाहीत, अशा मुलांना 'टॅप आउट' म्हणजे काय हे अचूक सांगता येते.

त्या कुस्तीत हरण्याच्या मुख्य वाटा दोन. एक म्हणजे खांदे जमिनीला टेकलेले असताना रेफरीने तीनपर्यंत मोजणे. दुसरी म्हणजे मान, हात किंवा पाय पेचात अडकल्यावर वेदना असह्य होऊन पैलवानाने स्वतःच्या हाताने चटईवर थापा मारणे. आपल्या आखाड्यात ही दुसरी वाट नाही. पाठ लागली की कुस्ती चितपट, निकाल झाला. हरणाऱ्याला काही कबूल करावे लागत नाही. तो उठतो, अंगावरची माती झटकतो आणि पाय घसरला म्हणायलाही मोकळा राहतो. थापा मारणाऱ्याला अशी सबब उरत नाही. त्याच्या हाताने साक्ष दिलेली असते.

म्हणूनच प्रेक्षकांमध्ये जुना वाद आहे की थापा मारून हरणारा नायक दुबळा दिसतो काय. कोणी म्हणेल, सगळे आधीच ठरलेले असते, मग नीतीचा प्रश्न येतोच कुठे? आम्हांला उलट वाटते. ठरवून लिहिलेले असते म्हणूनच प्रश्न येतो. नाटककार नायकाला कसे मारतो, यावरून त्याच्या काळाची इज्जतीची कल्पना कळते. ही कंपनी नायकाला कसे हरवते, यावरूनही तेच कळते.

23 मार्च 1997 ची, शिकागोजवळ झालेली रेसलमेनियातील कुस्ती घ्या. ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनचे पाय आपल्या प्रसिद्ध पेचात अडकवले. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहत होते. त्याने थापा मारल्या नाहीत. तो बेशुद्ध पडला आणि रेफरीने कुस्ती थांबवली. निकालाच्या वहीत तो हरला, पण आत येताना खलनायक असलेला हा माणूस बाहेर पडताना लोकांचा लाडका झाला होता. तेव्हापासून ही युक्ती रूढ झाली. ज्याला जपायचे, त्याला बेशुद्ध करायचे, पण हार कबूल करू द्यायची नाही.

त्या रात्रीचा रेफरी केन शॅमरॉक होता. त्याला कंपनीने जगातला सर्वांत धोकादायक माणूस म्हणून मिरवले होते. साडेतीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 1993 मध्ये, डेन्व्हरच्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत, जिथे काहीच ठरलेले नव्हते, हाच शॅमरॉक रॉइस ग्रेसीने गळा आवळल्यावर मिनिटभराच्या आत थापा मारून बाहेर पडला होता. खऱ्या लढतीत हार मानलेला माणूस खोट्या लढतीत न मानणाऱ्याच्या शौर्याचा पंच! त्या रात्री हे कोणाला खटकले नाही, कारण शॅमरॉकला दुबळा कोणी समजतच नव्हते.

ब्रॉक लेस्नरचे उदाहरण याहून बोलके आहे. 2003 च्या ऑगस्टमध्ये समरस्लॅममध्ये त्याने कर्ट अँगलच्या घोट्याच्या पेचात थापा मारल्या. ते ठरलेले होते. फेब्रुवारी 2008 मध्ये यूएफसीत फ्रँक मिरने त्याचा गुडघा धरला, तेव्हाही त्याने थापा मारल्या. ते ठरलेले नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला आणि 2014 मध्ये रेसलमेनियात अंडरटेकरची एकवीस विजयांची अखंड मालिका तोडण्यासाठी कंपनीला हाच माणूस योग्य वाटला. दोनदा थापा मारलेला तो हात तेव्हा कोणालाही दुबळा वाटला नाही.

मग मुलांच्या मनात थापा मारण्याची इतकी शरम कुठून येते? आमच्या शाळेत सातवीतल्या दोन मुलांनी मधल्या सुट्टीत असाच पेच लावला. खालच्याचा हात पिरगळला गेला होता आणि भोवती दहा-बारा जण ओरडत होते. त्याने 'बस' म्हटले नाही. कोपर इतके सुजले की पुढे कित्येक दिवस हात प्लास्टरमध्ये राहिला. नंतर आम्ही विचारले, की बाबा, सांगितले का नाहीस? तो म्हणाला, "सर, टॅप करता तो सब चिढाते." त्याच्या आईचा राग वरच्या मुलावर होता. आम्हांला मात्र त्या दहा-बारा जणांची अधिक चिंता वाटली. त्यांना वेदना दिसत होती, तरी ते कबुलीची वाट बघत होते आणि कबुली दिली असती तर हसणार होते.

वाचकहो, प्रश्नाची खरी गाठ आम्हांला इथे दिसते. हार मानणे दुबळेपणाचे असते तर दुसऱ्याची हार बनावट करण्याची कोणाला गरज पडली नसती. पण याच कुस्तीत असे दोनदा घडले आहे. 9 नोव्हेंबर 1997 रोजी माँट्रिअलमध्ये ब्रेट हार्टला त्याच्याच पेचात शॉन मायकल्सने धरले होते. कंपनीचा मालक विन्स मॅकमहन रिंगजवळ येऊन घंटा वाजवा म्हणाला. हार्टने थापा मारल्या नव्हत्या, त्याला हा निकाल ठाऊकही नव्हता. नाटकाच्या आत खरा दगा झाला होता. दुसरा प्रसंग जानेवारी 1999 चा. त्यात हार मानतो असे तोंडाने म्हणायला लावण्याची अट होती. मॅनकाइंड म्हणजे मिक फोली याचे हात मागे बेड्यांनी बांधलेले होते आणि रॉक त्याच्या डोक्यावर लोखंडी खुर्ची घालत होता. अखेर ध्वनिक्षेपकावरून फोलीच्या आवाजात 'मी हार मानतो' हे शब्द आले. ते आधीच्या एका मुलाखतीतले होते आणि चलाखीने वाजवले होते. हे कथानक ठरवलेले होते, पण खुर्चीचे घाव खरे होते. रिंगजवळ बसलेली फोलीची लहान मुले रडत होती, एका माहितीपटात ते चित्रित झाले आहे.

दोन्ही वेळी लोकांनी हार्टला किंवा फोलीला दुबळे म्हटले नाही. छी-थू झाली ती कबुली चोरणाऱ्यांची. म्हणजे कबुली ही माणसाची खाजगी मिळकत आहे आणि ती त्याच्या मर्जीनेच खर्च व्हावी, असे प्रेक्षकही मनातून मानतो. मग ज्याने ती स्वतःच्या मर्जीने खर्च केली, त्याच्यावर त्याने का हसावे?

या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा अलीकडे झाली. जॉन सीना वीस वर्षे 'कधीही हार मानू नका' हे ब्रीद टी-शर्टवर घालून वावरला. दुर्धर आजाराच्या मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या मेक-अ-विश संस्थेसाठी त्याने साडेसहाशेहून अधिक मुलांना भेट दिली. 13 डिसेंबर 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या कुस्तीत गुंथरने त्याचा गळा आवळला. सीना किंचित हसला आणि त्याने थापा मारल्या. सभागृहात संताप उसळला. इतकी वर्षे मुलांना एक सांगितले आणि जाताना दुसरे केले, ही तक्रार आम्हांला उथळ वाटत नाही. शिक्षकाने वर्षभर एक धडा शिकवावा आणि निरोप समारंभात उलटे बोलावे, तसे ते आहे.

तरीही आमचे मन सीनाच्या बाजूने झुकते. त्याला भेटलेल्या मुलांपैकी काही बरी झाली नसतील. त्यांनी जिद्द सोडली म्हणून असे घडले काय? 'कधीही हार मानू नका' हे वाक्य त्या मुलांच्या आईबापांच्या कानांवर कसे पडत असेल, याचा विचार टी-शर्ट विकणाऱ्यांनी केला नसावा. जो माणूस इतकी वर्षे हे वाक्य बोलत आला, त्यानेच एकदा सर्वांसमोर 'आता पुरे' म्हणून दाखवणे आम्हांला दग्यापेक्षा फेडीसारखे वाटते. एक गोष्ट मात्र खटकते, ती म्हणजे ते हसू. घुसमटणारा माणूस हसत नाही, आणि हसण्याइतकी ताकद असलेला लढू शकतो. थापा माराव्यात, पण त्या वेदनेने मारलेल्या दिसाव्यात. लेखकाने तिथे थोडी जास्त साखर घातली.

हार न मानण्याचाही दर्जा एक नसतो. सप्टेंबर 1910 मध्ये लंडनला गामा पैलवानासमोर झ्बिस्को अडीच तासांहून अधिक वेळ टिकला, पण बहुतेक वेळ तो चटईला पोट चिकटवून पडून होता. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचे ठरले, तेव्हा तो आलाच नाही. तो हरला नाही, त्याने हार मानली नाही, तरी त्या दिवसाची इज्जत गामाच्या पदरात पडली. पुढे 1928 मध्ये पतियाळात गामाने त्याला मिनिटभरात चीत केले.

याच्या अगदी उलट टोकाला हेलिओ ग्रेसी उभा आहे, शॅमरॉकला थापा मारायला लावणाऱ्या रॉइसचा बाप. ऑक्टोबर 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानच्या मासाहिको किमुराने त्याचा हात मागे पिरगळला. हाड मोडले, तरी हेलिओने थापा मारल्या नाहीत. शेवटी त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली. ग्रेसींच्या परंपरेत त्या पेचाला पुढे किमुराचेच नाव मिळाले. आज त्यांच्या तालमीत नवख्या मुलाला तो पेच शिकवतात, तेव्हा हात कुठे धरायचा हे सांगतातच आणि आपला हात धरला गेला तर कोणत्या क्षणी थाप मारायची, हेही सांगतात.