अडलेलं काम

बेल्जियमच्या उत्तर भागात खेल नावाचं गाव आहे. तिथली जमीन रेताड, हलकी. पूर्वी बटाटे, थोडं धान्य आणि चार गाई यांवर संसार चालायचे. गावात संत दिम्फ्नाचं चर्च आहे. तिच्या कृपेनं मनाचे आजार बरे होतात अशी श्रद्धा, म्हणून मध्ययुगापासून लोक आपल्या वेड लागलेल्या माणसाला घेऊन लांबलांबून इथे येत. चर्चला लागून आजाऱ्यांसाठी बांधलेली जागा पुरेनाशी झाली, तेव्हा गावकऱ्यांनी माणसं आपापल्या घरी ठेवून घेतली. कुणी बरं होऊन परतलं, कुणी झालंच नाही आणि तिथेच राहिलं. शतकं उलटली तरी रीत मोडली नाही. १८५० साली सरकारनं तिची जबाबदारी घेतली, पुढे १८६२ मध्ये दवाखाना बांधला. नवा माणूस आधी तिथे राहायचा, मग एखाद्या घरी सोपवला जायचा. घराला थोडे पैसे मिळत; आजाराचं नाव मात्र सांगत नसत. १९३८ साली गावातल्या घरांमधून असे साडेतीन हजारांहून जास्त मुक्कामी राहत होते.

त्या काळातली ही गोष्ट. तिच्यातली माणसं कल्पनेतली आहेत, रीत खरी आहे.

रस्त्याच्या दोन बाजूंना दोन घरं होती. अलीकडच्या घरात पन्नाशीतली नवरा-बायको, मूलबाळ नाही, हात सढळ. पलीकडच्या घरात पाच पोरं, सहा गाई आणि सकाळपासून पायाला भिंगरी लागलेली एक तरुण बाई. एकाच दिवशी दवाखान्याच्या गाडीतून दोन माणसं उतरली, प्रत्येकाजवळ एक पेटी. एक अलीकडे गेला, एक पलीकडे.

अलीकडच्या बाईनं आपल्या माणसाला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. पांढरीशुभ्र चादर, खिडकीला पडदे. सकाळी ब्रेड आणि लोणी, दुपारी गरम सूप, रविवारी मटण, सगळं ताट खोलीत नेऊन. त्यानं उठून ताट उचलायला हात पुढे केला की ती म्हणायची, "राहू द्या हो, तुम्ही फक्त आराम करा." हे ती मनापासून म्हणायची, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तिच्या मायेत खोट नव्हती.

पलीकडच्या घरी माणूस दारात आला तेव्हा तान्हं मूल रडत होतं आणि गोठ्यात गाय हंबरत होती. बाईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मूल त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जरा धरा याला, गाय पिळून येते."

संध्याकाळी कळलं की तो पाणी पीत नाही. विहिरीत कुणीतरी विष कालवलंय असं त्याला वाटायचं. घसा कोरडा पडला तरी ओठ मिटलेले. तेव्हा आठ वर्षांच्या पोरीनं त्याचा पेला ओढला, एक घोट घेतला आणि पेला त्याच्यापुढे सरकवला. तो प्यायला. त्या दिवसापासून दर जेवणाला पहिला घोट पोरीचा.

अलीकडच्या बाईला हे पटेना. "अगं, विहीर चांगली आहे हे त्याला समजावून सांग की."

"समजावत बसायला वेळ कुणाला आहे? एक घोट पाणी, त्यात पोरीचं काय जातं!"

आणि ज्याला विहिरीची एवढी धास्ती, त्याच्याइतकी विहिरीची काळजी कोण घेणार? त्यानं फळ्यांचं झाकण केलं. बादली रोज घासली, बदकं काठाला फिरकू दिली नाहीत, दोर झिजायच्या आत बदलला. वर्षभरात शेजारपाजारची माणसंही म्हणू लागली, पाणी प्यावं तर त्या घरचं. कधी कधी मध्यरात्री उठून तो अंगणात कुणावर तरी ओरडायचा. मग घरधनी आतून ओरडायचा, "झोपू द्या आता! पहाटे उठायचंय!" पोरांना बोलणी बसत तशी त्यालाही बसत.

त्याची भीती गेली नाही, पुढेही कधी गेली नाही. पॅरिसचे नामांकित डॉक्टर एस्किरोल १८२१ मध्ये हे गाव बघायला आले होते. वेडी माणसं इथे रस्त्यांवर आणि शेतांत मोकळी फिरतात याचं त्यांना नवल वाटलं. मला त्या मोकळेपणाहूनही मोठी वाटते ती ही गोष्ट, की तिथल्या घरांनी आधी बरं होऊन दाखव अशी अट कुणाला घातली नाही. माणूस आला त्या दिवशी, होता तसा, घराच्या हिशेबात धरला गेला.

अलीकडचा माणूस मात्र सुकत चालला. आधी खिडकीत बसायचा, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. ताट तसंच परत येई. दवाखान्याची माणसं अधूनमधून घरं पाहायला येत. त्यातल्या नर्सनं विचारलं, "दिवसभर करतात काय हे?" बाई अभिमानानं म्हणाली, "काही म्हणजे काही करू देत नाही मी!" नर्स गप्प राहिली. त्या गप्प राहण्यानं बाई हादरली. रस्ता ओलांडून ती पलीकडे गेली आणि तिथेच तिला रडू फुटलं. "माझं काय कमी पडलं गं?"

तरुण बाई चरवी घासत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "ते आज तुमच्या घरात नसते, तर कुठलं काम अडलं असतं?"

त्या रात्री अलीकडच्या बाईनं घरातली कामं एकेक करून आठवून पाहिली. एकही अडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ताट वर नेलं नाही. बटाट्यांची टोपली आणि सुरी नेली. त्यानं सालीबरोबर निम्मा बटाटा काढून टाकला. ती जीभ चावून गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना. "अहो, आपण खायचं काय, सालं?" ती खेकसली आणि लगेच घाबरली. तो काही बोलला नाही. पण त्या दुपारी तो जिना उतरून खाली आला आणि टेबलाशी बसून जेवला. आठवड्यात सालं पातळ झाली. मग हळूहळू शेगडी पेटवणं त्याच्याकडे आलं, अंगण झाडणं आलं, आणि बाईची नजर अधू झाल्यावर सुईत दोरा ओवणंही.

आता खेलमधल्या गाई कमी झाल्या, घरातली माणसं नोकरीला जाऊ लागली, आणि मुक्कामी ठेवून घेणारी घरं पूर्वीच्या मानानं फारच थोडी उरली. जे मुक्कामी आहेत त्यांतले बरेच म्हातारे झालेत, कित्येकांना बौद्धिक अपंगत्व आहे. २०२३ साली युनेस्कोनं या रीतीची दखल घेतली, हे चांगलंच झालं. पण घरात करण्यासारखं काही उरलंच नाही, तर आलेल्या माणसाला आपण काय सांगणार, ही काळजी मला खरी वाटते. आपल्याही घरांत म्हाताऱ्यांच्या हातून आधी विळी काढून घेतली जाते, मग किल्ल्या, मग भाजीची पिशवी. आणि त्यांच्या सुखासाठीच हे केलं असं आपण समजतो.

गोष्टीत पुढे वर्षं गेली. पलीकडची आई थकली, तेव्हा त्याच पोरीनं घर हाती घेतलं. गाई, विहीर आणि तो, तिन्ही तिच्याकडे आले. तिला स्वतःची पोरं झाली तरी पहिला घोट तीच घ्यायची.

अलीकडच्या घरी नवरा वारला. बाई सत्तरीच्या पुढे गेली, गुडघे चालेनात. डॉक्टर येऊन म्हणाले, "आता तुमच्याच्यानं होणार नाही. यांना आम्ही दवाखान्यात घेऊन जातो, तुम्ही विश्रांती घ्या." बाई काही बोलेना. मग डॉक्टर आत गेले आणि त्यालाच म्हणाले, "चला, आज आमच्याबरोबर गाडीतून येता का?"

त्यानं हातातला बटाटा सोलून पाण्यात टाकला.

"आज नाही जमायचं," तो म्हणाला. "कोळसा यायचाय दुपारी. उतरवून घ्यायला घरात दुसरं कुणी नाही."