आमिष

'जादा परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक.' सकाळच्या चहाबरोबर ही बातमी वाचली नाही असा आठवडा जात नाही. गळाला लागलेल्याबद्दल आपण हळहळतो. पण आमिष म्हणजे मुळात मांस. 'निरामिष' जेवणात तो अर्थ अजून शाबूत आहे. गळावर आधीच कोणीतरी टोचलेलं असतं, त्याची चौकशी होत नाही.

अमेरिकेत मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यांवर माणसं बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. शेजारच्या बादलीत जिवंत फॅटहेड मिनो असतात. बोटाएवढा, मळकट रंगाचा, डझनाच्या भावानं मिळणारा मासा. गळ त्याच्या पाठीतून असा ओवायचा, की तो लगेच मरता कामा नये. त्याची तडफडच मोठ्या माशाला बोलावते.

या माशाच्या युरोपातल्या एका भाऊबंदावर कार्ल फॉन फ्रिश प्रयोग करत होते. मधमाश्यांचं नृत्य उलगडणारे तेच हे फ्रिश. जखमी मासा थव्यात सोडला, तर बाकीचे भेदरून पांगले. 1938 मध्ये त्यांनी हे मांडलं. कातडी फाटली की तिच्यातल्या खास पेशींमधलं द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासानं इतर सावध होतात. आमच्या मिनोचंही तसंच. गंमत म्हणजे विणीच्या दिवसांत नर अंड्यांवर पाठ घासून त्यांची निगा राखतो, तेव्हा त्याच्या कातडीतल्या या पेशी नाहीशा होतात. खरचटलं तरी घरात घबराट नको! घरचा कर्ता असाच असतो, असं लिहायचा मोह होतो. पण ही करामत त्याच्या मनाची नाही, टेस्टोस्टेरॉनची आहे.

तो वास पाइकसारख्या शिकारी माशांनाही खेचून आणतो. म्हणजे आगीत तेलच, असं वाटेल. पण 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेगळंच दिसलं. मिनो एका पाइकच्या तोंडात असताना दुसरा पाइक तिथे आला, की दोघांच्या झटापटीत मिनो निसटून जाण्याची शक्यता वाढत होती. मेजवानीला आलेला दुसरा पाहुणाच पहिल्याचा घास घालवत होता.

गळावरच्या मिनोला मात्र याचा उपयोग नाही. पाइक दोन आले काय नि चार आले काय, दोरीचं टोक वर बर्फावर बसलेल्याच्या हातात असतं.