जामीनदाराचं पान

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीची पोफळ नव्याने लावली, तरी फळ धरायला पाच-सात वर्षं घेते. रिझर्व्ह बँकेने कोरोनामुळे दिलेली हप्त्यांची सवलत मात्र त्याच वर्षी ३१ ऑगस्टला संपली.

पतअहवालात प्रत्येक कर्जासमोर महिन्यागणिक एक आकडा असतो: हप्ता किती दिवस थकला. शून्य, तीस, नव्वद. का थकला, याला रकाना नाही. वाऱ्याने वाडी नेली काय नि मालकाने पैसे उडवले काय, नव्वद ते नव्वदच. मला यात फारसा अन्याय वाटत नाही. मुंबईत बसून उधार देणाऱ्याला आकडाच कळणार. पण तो आकडा तरी खरा हवा, आणि ते बघायचं काम आपलं.

आपण विचारतो ते एवढंच, ‘सिबिल किती?’ ३०० ते ९०० मधला तो आकडा म्हणजे निकाल. उत्तरपत्रिका कोणी मागत नाही. फेडून टाकलेलं कर्ज तिथे अजून चालू दिसत असतं, कधी भलत्याचंच कर्ज आपल्या नावावर चढलेलं असतं.

कोकणात तर सगळ्यात आधी जामीनकीची नोंद पाहावी. चुलतभावाची बोट, शेजाऱ्याची रिक्षा. ‘नुसती सही कर रे’ म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? सही आपण विसरून जातो. ते कर्ज मात्र जामीनदार अशा शेऱ्यासह आपल्याही अहवालात बसलेलं असतं आणि तिकडचा थकलेला हप्ता इकडेही दिसतो. कर्ज घेणारा रोज नाक्यावर भेटतो, चहा पाजतो, अवाक्षर काढत नाही. अहवाल वेळीच पाहिला तर त्याला बाजूला घेऊन ‘काय रे, अडचण आहे का?’ असं विचारता येतं. लेकीचं शिक्षणकर्ज नाकारलं गेल्यावर तेच विचारलं, की आवाज चढतो.

सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना २०१७ पासून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण घटतात, ही भीती उगाच. चूक कळवल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ठरवलं आहे. तक्रारीसोबत कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला जोडावा. घरी सापडत नसेल तर शाखेत जाऊन दुसरी प्रत मागावी. फक्त महिन्याच्या पहिल्या तारखांना जाऊ नये, तेव्हा पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत आलेली असते.