आज्ञा कोणाच्या दारावर?

अमेरिकेंतील लुइझियाना ह्या संस्थानाच्या कायदेमंडळानें 2024 सालीं असा कायदा केला कीं, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेच्या प्रत्येक वर्गांत, बालवर्गापासून तों थेट महाविद्यालयापर्यंत, मोशेच्या दहा आज्ञा लावल्या जाव्या. तक्त्याचें माप सुद्धां ठरवून दिलें: 11 इंच व 14 इंच, ह्याहून तो लहान नसावा. गव्हर्नर जेफ लँड्री ह्यांनीं 19 जून रोजीं त्यावर सही केली, आणि पुढच्याच वर्षीं आर्कान्सा व टेक्सास ह्या संस्थानांनींही तसेच कायदे केले. ही बातमी ऐकून आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस आनंद झाला आहे. एका सुवार्तिक बंधूनें मला विचारलें, "पाळकसाहेब, राज्यच जर देवाच्या आज्ञा शिकवूं लागलें, तर ह्याहून अधिक आपण काय मागावें?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, म्हणून तो येथें थोड्या विस्तारानें घेतों.

हे कायदे उगाच झालेले नाहींत, हें प्रथम सांगितलें पाहिजे. विवाह व स्त्रीपुरुषसंबंध ह्यांविषयींच्या जुन्या समजुती त्या देशांत थोड्या वर्षांत झपाट्यानें पालटल्या. 2015 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें दोन पुरुषांचा अथवा दोन स्त्रियांचा विवाह सर्व संस्थानांत कायदेशीर ठरविला. पुढें ह्या गोष्टी लहान मुलांच्या पुस्तकांत येऊं लागल्या, तेव्हां कित्येक आईबापांच्या मनांत भय शिरलें. फ्लोरिडा संस्थानानें 2022 सालीं, तिसऱ्या इयत्तेपर्यंतच्या मुलांस असले विषय वर्गांत शिकवूं नयेत, असा निर्बंध घातला, आणि पुढच्या वर्षीं तो वरच्या इयत्तांसही लागू झाला. एक पक्ष म्हणतो कीं, मूल आईबापांचें आहे, सरकारचें नव्हे. दुसरा म्हणतो कीं, ज्या मुलाचें घर निराळें आहे, त्यास वर्गांत तोंड मिटून बसावयास लावणें हा जुलूम आहे. दोन्ही बाजूंस ख्रिस्ती लोक आहेत. विवाहाविषयीं माझें मत शास्त्राप्रमाणें जुनेंच आहे व तें मी लपवीत नाहीं. परंतु जें मी खरें मानतों तें सरकारी शिपायाच्या हातीं द्यावें काय, हा प्रश्न वेगळा आहे.

कायद्यानें कोणाचेंही भलें होत नाहीं, असें जर कोणी म्हणूं लागला, तर तेंही मला मान्य नाहीं. आपल्याच देशाचा इतिहास पाहा. धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडूं नये, असें 1850 च्या एकविसाव्या कायद्यानें ठरविलें. तो नसता तर बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या डोक्यावर घर व शेत जाण्याची टांगती तरवार कायम राहिली असती. 1891 सालीं संमतिवयाचा कायदा झाला व मुलीच्या वयाची मर्यादा 10 वरून 12 वर नेण्यांत आली. त्या वेळीं पुण्यांत केवढा गदारोळ उठला! टिळकांसारखे पुढारी म्हणाले कीं, परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये. हें म्हणणें ऐकावयास गोड होतें, पण त्या घरांत एक दहा वर्षांची पोर होती, आणि तिच्या वतीनें बोलणारा दुसरा कोणी नव्हता. बलवान दुर्बळास दुखवीत असेल तेथें राजसत्तेनें मध्यें पडलेंच पाहिजे. पौलानें रोमकरांस लिहितांना सत्तेच्या हातींच्या तरवारीचा उल्लेख केला, तो मी ह्याच अर्थानें घेतों.

आतां हीच कसोटी लुइझियानाच्या तक्त्यास लावून पाहा. तो कोणत्या दुर्बळास कोणाच्या हातून सोडवितो? कायद्याचे कैवारी म्हणतात कीं, ह्या आज्ञा देशाच्या कायद्यांचा ऐतिहासिक पाया आहेत, म्हणून त्या मुलांच्या डोळ्यांपुढें असाव्या. खून, चोरी व खोटी साक्ष ह्यांपुरतें हें चालेल. परंतु आरंभींच्या आज्ञा चोरीविषयीं नाहींत. कोणास भजावें व कोणास भजूं नये, ह्याविषयीं त्या आहेत. ही गोष्ट सरकारनें मुलांस सांगावी काय? केंटकी संस्थानानें 1978 सालीं असाच कायदा केला होता, आणि 1980 सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो रद्द केला. लुइझियानाच्या कायद्याविरुद्धही आईबाप न्यायालयांत गेले. त्यांत यहूदी होते, कोणताच धर्म न मानणारे होते, आणि ख्रिस्तीही होते. एक प्रेस्बिटेरियन पाळकही होता. नोव्हेंबर 2024 मध्यें न्यायाधीशानें त्या कायद्याची अंमलबजावणी थांबविली, व पुढें अपिलें झालीं. न्यायालयांस काय वाटेल तें वाटो; मी मंडळीच्या बाजूनें विचार करीत आहें.

ख्रिस्ती पाळक दहा आज्ञांच्या तक्त्याविरुद्ध न्यायालयांत गेला, हें वाचून कोणी अडखळेल. पण त्याचें गाऱ्हाणें आज्ञांविषयीं नव्हतें. सरकारनें त्यांचा एक पाठ निवडून तोच सर्वांवर लादावा, ह्याविषयीं तें होतें. आज्ञा दहा खऱ्या, परंतु त्यांची मोजणी सर्वत्र एक नाहीं. मूर्तीविषयींची आज्ञा आपण दुसरी म्हणून मोजतों. रोमन कॅथोलिक व लूथरन लोक ती पहिलींतच घेतात व लोभाविषयींच्या शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करतात. यहूदी लोकांची मोजणी आणखी निराळी आहे. वर्गांत लावण्याचा मजकूर कायद्यांत लिहून देतांना कायदेमंडळास ह्या वादांत पडावेंच लागलें. निवडणुकींत जिंकलेल्या गृहस्थांनीं शास्त्राचा पाठ ठरवावा, ही रीत मला तरी फार धोक्याची वाटते.

ह्याच लुइझियानानें 1997 सालीं एक वेगळा प्रयत्न केला होता, तो आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाहीं. तेथें 'कराराचा विवाह' म्हणून एक प्रकार काढण्यांत आला. ज्या वधूवरांची इच्छा असेल त्यांनीं आधीं समुपदेश घ्यावा, व मग सहजासहजीं घटस्फोट मागतां येणार नाहीं असें बंधन आपण होऊन पतकरावें. अरिझोना व आर्कान्सा ह्यांनींही तें उचललें. सक्ति कोणावर नव्हती. परंतु इतक्या ख्रिस्ती वस्तीच्या संस्थानांत हा करार पतकरणारीं जोडपीं फारच थोडीं निघालीं. मोशेनें सूटपत्राची मोकळीक लोकांच्या अंतःकरणाच्या कठिणपणामुळें दिली होती, असें प्रभूनें परूश्यांस सांगितलें. तो कठिणपणा कायदेमंडळाच्या ठरावानें कसा जावा?

दुसरी बाजूही पाहा. मेरिलंड संस्थानांतील माँटगोमेरी परगण्यांत शाळाखात्यानें लहान मुलांच्या वर्गांत समलिंगी कुटुंबांच्या गोष्टींचीं पुस्तकें आणलीं. आमचीं मुलें त्या वेळीं बाहेर बसूं द्या, असें मुसलमान व ख्रिस्ती आईबापांनीं म्हटलें. ही मोकळीक प्रथम होती, पण नंतर खात्यानें ती काढून घेतली. 27 जून 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आईबापांच्या बाजूनें निकाल दिला. ह्या निकालाचा मला आनंद झाला. परंतु जो मेरिलंडांत आनंद करतो, त्यानें लुइझियानांतील यहूदी बापास कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावें? पुस्तकाच्या वेळीं मूल बाहेर तरी जाऊं शकतें. भिंतीवरचा तक्ता तर सकाळपासून शाळा सुटेपर्यंत समोरच असतो.

आमच्या मिशन शाळांतील शिक्षकांस ही मोकळीक नवी नाहीं. हिंदुस्थानच्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमाप्रमाणें, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या, व तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसवितां येत नाहीं. कित्येक शिक्षक ह्यास अडथळा समजतात. मी तसें समजत नाहीं. आपलें मूल दुसऱ्या समाजाच्या शाळेंत जातें, तेव्हां तेथील पूजेस बसण्यापासून त्याचें रक्षण हेंच कलम करतें. आणि बहुमतानें अंतःकरणाची किल्ली मागितली म्हणजे काय होतें, हें आपल्या लोकांस पुस्तकांतून शिकावयास नको. ओरिसानें 1967 सालीं व मध्यप्रदेशानें 1968 सालीं धर्मांतरावर निर्बंध घातले. दोन्ही कायद्यांच्या नांवांत मात्र धर्मस्वातंत्र्य हाच शब्द आहे!

अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत आज्ञा दाराच्या बाह्यांवर लिहाव्या असें आहे खरें. पण कोणाच्या दाराच्या? तेथें ज्याच्याशीं बोलणें चाललें आहे तो मुलाबाळांचा बाप आहे. घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां त्यानें त्या मुलांस शिकवावयाच्या आहेत. फारोच्या वाड्यावर त्या लिहून घेण्यास कोणासही सांगितलेलें नाहीं.

आपल्याकडे तर तक्त्यांची उणीव नाहीं. पुष्कळ देवळांत तो वेदीच्या बाजूस टांगलेला असतो, आणि मुलांस दहाही आज्ञा तोंडपाठ येतात. हुंडा घेणें 1961 पासून गुन्हा आहे, म्हणजे सरकारचा कायदाही आपल्याच बाजूस आहे. तरी लग्नाचे पुकारे वाचतांना पाळकास बहुधा ठाऊक असतें कीं, कोणत्या घरांतून 'हौसेनें' म्हणून काय गेलें, आणि त्यासाठीं बापानें कोणतें शेत गहाण टाकलें. देण्याघेण्याच्या त्या बैठकींत लोभाविषयींची आज्ञा कोणीच उच्चारीत नाहीं, आणि बैठकींत बसलेल्यांत पंचही असतात. सुगी आटोपल्यावर पुन्हा लग्नें ठरूं लागतील. सुवार्तिकानें त्या बैठकीस जावें, मुलीच्या बापाशेजारीं बसावें, आणि रकमेची गोष्ट निघतांच ती आज्ञा सर्वांस ऐकूं जाईल अशी म्हणावी. तेथें त्याच्या सोबतीस कोणी शिपाई असणार नाहीं, आणि पुढच्या रविवारीं त्या घराची वर्गणी येईलच, असेंही मी त्यास सांगूं शकत नाहीं.