मावशीसाठी किती रकाने?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या माणसाला पहिलं ॲप म्हणून बहुतेक जण कामांची यादी करायला सांगतात. मला मात्र माणसं जपायला मदत करणारं काहीतरी करावंसं वाटलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात फार अवघड काही नाही. माणसांचा एक तक्ता, त्यांच्याशी झालेल्या बोलण्यांचा दुसरा, कधी आठवण करून द्यायची याचा तिसरा. हे तक्ते सांभाळणारं एसक्यूलाइट अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं. अडतं ते रकाने ठरवताना. नातं कशानं टिकतं याबद्दलचं आपलं मत प्रत्येक रकान्यात उतरतं, आणि हे मत अगदी सुरुवातीलाच पक्कं करावं लागतं.

जन्मतारखेचंच बघा. आईच्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. घरात त्यांचा वाढदिवस तिथीनं होतो. ही तिथी इंग्रजी तारखेत दरवर्षी सरकते, आणि मध्ये अधिक मास आला की एकदम पुढे जाते. श्राद्धाचंही तसंच. कॉम्प्युटरच्या तारखेच्या रकान्याला यातलं काही कळत नाही. एक तर पंचांगाचं गणित प्रोग्राममध्ये घाला, किंवा ‘कार्तिक वद्य पंचमी’ असं अक्षरांत लिहून दरवर्षी हातानं तारीख लावा. मला हातानं लावणंच पटतं. नवं कॅलेंडर समोर घेऊन एकेका माणसाची तारीख शोधताना त्या माणसाचा विचार होतो, आणि ॲप करायचं ते तेवढ्यासाठीच.

नात्यांची नोंद ठेवणं आपल्याकडे नवीन नाही. लग्नानंतर घरोघरी आहेराची वही लिहिली जायची : कोणी पातळ दिलं, कोणी भांडं, कोणाच्या पाकिटात एकावन्न रुपये निघाले. त्यांच्या घरचं कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढंच, जमलं तर थोडं जास्त द्यायचं. हा उघड हिशेब होता. तरी त्याची परतफेड करायला त्या घरी जावंच लागे, पंगतीत बसावं लागे, नवऱ्यामुलाची चौकशी करावी लागे. ॲपमधला ‘शेवटचं बोलणं’ हा रकाना वरवर या वहीसारखाच दिसतो. पण ‘७४ दिवस झाले’ असं लाल अक्षरांत आलं की मावशी थकबाकी होते. मग माणूस लाल रंग घालवण्यासाठी फोन करतो, आणि मावशीला ते पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

माणसांची क्रमवारी लावण्याचा मोहही होतोच. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ साली वानरकुळातल्या प्राण्यांच्या मेंदूवरून माणसाच्या समूहाचा आकार काढला. दीडशे हा आकडा त्यातूनच प्रसिद्ध झाला. पुढे त्याच्या आत पाच, पंधरा, पन्नास माणसांची जवळिकीची वर्तुळं आली. नवशिक्याला हे आयतंच वाटतं : प्रत्येकाला एक वर्तुळ द्या आणि त्यावरून फोन किती दिवसांनी करायचा ते ठरवा. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी हेच गणित पुन्हा करून पाहिलं, तेव्हा उत्तराचा पल्ला इतका मोठा निघाला की कुठलाही एक आकडा धरता येईना. आकडा बरोबर निघाला असता तरी मी तो घेतला नसता. आजारी पडलेला जुना शेजारी त्या महिन्यापुरता सगळ्यात जवळचा असतो.

जेफ्री हॉल या अमेरिकी अभ्यासकाची एक मोजणी मात्र मला उपयोगाची वाटते. ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, आणि जिवलग मैत्री व्हायला दोनशेहून अधिक तास एकत्र जावे लागतात, असं त्यांना आढळलं. हे तास कुठलंही ॲप वाचवू शकत नाही. म्हणून वाढदिवसाचा संदेश आपोआप पाठवणारं बटण मी ठेवणार नाही. कोणीतरी आपल्यासाठी थांबलं, हीच त्या संदेशाची किंमत असते.

मग ॲपनं करायचं काय? लक्षात ठेवायचं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली भेटलेल्या माणसांची, त्यांच्या बायकामुलांची माहिती टिपून ठेवत. त्यांचा हेतू राजकीय होता. मॉन्ट्रियलच्या रेजिस फ्रेड यांनी २०१७ मध्ये ‘मोनिका’ हे खुलं सॉफ्टवेअर लोकांसमोर आणलं ते वेगळ्या गरजेतून. ते मायदेशापासून दूर राहत होते. तिकडच्या मित्रांच्या आयुष्यात काय चाललंय हे लक्षात राहावं आणि फोनवर नेमकं विचारता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. न्यू जर्सीत किंवा सिडनीत बसून रविवारी सांगलीला फोन लावणाऱ्यांना ही गरज समजावून सांगावी लागणार नाही. ‘कसे आहात’ याला ‘बरं आहे’ हेच उत्तर येतं. ‘मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं.

हा मोतीबिंदू मात्र मावशीचा आहे. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यानं खासगी आणि घरगुती वापराला सूट दिली आहे, त्यामुळे मला कोणी जाब विचारणार नाही. तरी तिचं दुखणं कुठल्या परक्या सर्व्हरवर ठेवायचा हक्क तिनं मला दिलेला नाही. नोंद माझ्या फोनमध्येच राहील, आणि तिनं मागितली तर वाचून दाखवताना शरम वाटणार नाही अशाच शब्दांत लिहिली जाईल.

नवशिक्यानं सुरुवात म्हणून एकच तक्ता करावा. त्यात नाव, नातं आणि ‘पुढच्या वेळी काय विचारायचं’ हा मोकळा रकाना, एवढंच. खाली फोन लावायचं बटण. बोलणं संपलं की तो रकाना पुसून नव्यानं लिहायचा. काही सुचलं नाही, तर आपण नीट ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा फोन लावायला हरकत नाही.