आवडलं नाही, असं म्हणण्याचा हक्क

‘शास्त्रीय गाणं आपल्याला कळत नाही बुवा,’ असं कन्हानमधले माझे मित्र म्हणतात, तेव्हा त्यांना ते आवडलं नाही असं सांगायचं नसतं. बहुतेकांनी ते धड ऐकलेलंच नसतं. ती जागा आपली नाही, एवढंच त्यांनी आधी ठरवून टाकलेलं असतं.

ही भीती घालवायचे प्रयत्न झाले आहेत. भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मुख्य मैफलींच्या जोडीने ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे विनामूल्य उपक्रम होतात: संगीतावरचे माहितीपट आणि कलावंतांशी गप्पा. आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक किरण सेठ यांनी 1977 साली सुरू केलेल्या स्पिक मॅकेमुळे गायक-वादक थेट कॉलेजांत येऊन सप्रयोग व्याख्यानं देऊ लागले. तीही फुकट.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. आधीच सगळं समजावून सांगितलं, तर माणूस स्वतःच्या कानांनी ऐकणार कधी? वक्त्याने ‘इथे करुणा आहे’ म्हटलं की आपण करुणाच शोधत बसतो.

पण समजावण्याचेही दोन प्रकार असतात. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधाराला महत्त्व, देशकारात धैवताला. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. गायक दोन मिनिटांत दोन्ही गाऊन दाखवतो आणि तेच स्वर वेगळे वाटू लागतात. यात त्याने निकाल दिलेला नाही; कुठे लक्ष द्यायचं तेवढं दाखवलं आहे. टीममध्ये नवा आलेल्याला ‘हा कोड भारी आहे’ असं सांगणं वेगळं आणि तो कसा चालतो हे स्क्रीनवर चालवून दाखवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारानंतरच तो त्यात चूक काढू शकतो.

आपल्याला हे नवीनही नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात आधी निरूपण होतं, मग उत्तररंगात आख्यान. दारात तिकीट नसतं. आरतीच्या तबकात ज्याला जमेल ते तो टाकतो. तिथे अडाणी म्हणून कुणाला संकोच वाटत नाही.

म्हणून अशी व्याख्यानं मला दानधर्म वाटत नाहीत. ज्यांना घरात, गुरूकडे, शहरात राहून हे कान मिळाले, त्यांनी इतरांचं ते देणं फेडायचं आहे. आणि नुसतं ‘प्रवेश विनामूल्य’ लिहून ते फिटत नाही. कन्हानहून नागपूरचं सभागृह वीसेक किलोमीटर. रात्री परतायला गाडी नसेल, तर फुकटचा कार्यक्रमही महागच पडतो. तो कधीतरी इकडच्या शाळेच्या हॉलमध्येही व्हायला हवा.

तो ऐकून सगळे रसिक होतील, असं नाही. एखादा मित्र म्हणेल, ‘भूप कळला, पण मजा नाही आली.’ माझ्या मते तो कार्यक्रम यशस्वी झाला. ‘कळत नाही’ म्हणून बाहेर थांबलेला माणूस आत येऊन स्वतःचं मत सांगतोय.